चार सेंटीमीटर माती

शंभर किलोचा पैलवान जोडीदाराला उचलतो आणि पाठीवर आदळतो. धप्प! बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. आणि खालचा गडी? माती झटकत उठतो, पुन्हा सलामी देतो. हाडं शाबूत राहिली कशी?

पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं सोलापुरात पोरासोरांना पाठ असतात. पण तालमीच्या हौद्यात केवढं शास्त्र दडलंय! साधा हिशेब करा. एक मीटरवरून पडलेलं शरीर १ सेंटीमीटरात थांबलं, तर सरासरी झटका स्वतःच्या वजनाच्या सुमारे १०० पट बसतो. तेच ५ सेंटीमीटरात थांबलं, तर सुमारे २० पट. उंची तीच, वजन तेच. थांबायला फक्त चार सेंटीमीटर जास्त मिळाले! त्यासाठीच पोरं खोऱ्यानं हौदा उकरतात. मोकळ्या मातीचे कण अंगाखाली एकमेकांवर घासत सरकतात आणि पडण्याचा जोर त्या घर्षणातच जिरतो.

तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. ओल आणि तेलानं धूळ बसते, माती दगडासारखी आवळत नाही. हळद जंतूंना मारक आहे, हे प्रयोगशाळेतही दिसलंय. पण धनुर्वाताचे जंतू मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. त्यांना हळद पुरी पडत नाही.

कानापुढेही मातीचं काही चालत नाही. कानाच्या कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात! वरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. डोक्याला डोकं घासून ते आवरण सुटलं की मध्ये रक्त साचतं, कूर्चा उपाशी मरते आणि तिथे ओबडधोबड गाठ धरते. पैलवानाचा मोडलेला कान तो हाच.

जिथे माती पुरत नाही, तिथे खेळाचे नियम सांभाळतात. कुस्तीत गळा आवळायला मनाई. पाठ लागली की निकाल. जिउजित्सू या झुंजीच्या खेळात मात्र सांधा पिळून, मान आवळूनही जिंकतात. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या पुरत्या दाबल्या, तर माणूस दहाएक सेकंदांत बेशुद्ध पडतो. तरी त्याच खेळात मित्र मित्राशी रोज सराव करतात. कशाच्या भरवशावर? हाताच्या दोन थापांच्या! थाप पडली की पकड त्याच क्षणी सुटते.

तुमचं पोरगं तालमीत जात असेल, तर धनुर्वाताची लस चुकवू नका. कान सुजला, तर पैलवानकीची खूण म्हणून मिरवू देऊ नका. लगेच डॉक्टरकडे न्या. साचलेलं रक्त पहिल्या काही दिवसांत काढलं, तर कानाचा आकार बहुतेक वाचतो.