गाडी तीच का?

जुनी गाडी नावावर करून घेताना आरटीओच्या फॉर्मवर चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट द्यावा लागतो. मेकॅनिक वर्षानुवर्षांचं ग्रीस पुसतो, ठोकलेल्या आकड्यांवर कागद धरतो आणि शिसपेन्सिल आडवी घासतो. आकडे हळूहळू कागदावर उमटतात. रंग बदललेला असो, सीटा नव्या असोत, हा ठसा कागदपत्रांशी जुळला की सरकारदरबारी गाडी तीच ठरते.

दुर्मीळ स्पोर्ट्स कारच्या बाजारात मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथे आकडे जुळूनही वाद उरतो, आणि त्या वादावर कोट्यवधींचा सौदा टिकतो किंवा मोडतो. असा एक वाद १९९० साली लंडनच्या हायकोर्टात गेला होता. त्यात विचारला गेलेला प्रश्न आजही या बाजाराच्या मुळाशी आहे: सगळे भाग बदलले गेले, तरी गाडी तीच राहते का?

ओल्ड नंबर वन

ती गाडी होती बेंटले स्पीड सिक्स. फ्रान्समधल्या ले मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने लागोपाठ दोनदा जिंकली. १९२९ मध्ये वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी ती चालवली, १९३० मध्ये बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी. बार्नाटो हे बेंटले कंपनीचे अध्यक्षही होते. एकच गाडी दोन वर्षं ओळीने जिंकली, आणि ती ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

शर्यतीची गाडी कपाटात जपून ठेवायची वस्तू नसते. तिचा गिअरबॉक्स एका मोसमात निकामी होतो, चासी वाकते, नियम बदलले की बॉडी नवी लागते. ओल्ड नंबर वनचंही तेच झालं. १९३२ मध्ये तिला आठ लिटरचं इंजिन बसवून इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरवलं गेलं. तिथल्या तिरप्या वळणाच्या वरच्या कडेवरून ती बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी जागीच गेला. पुढे बार्नाटोंनी त्याच गाडीवर बंद छताची बॉडी बांधून घेतली. नंतर कधीतरी तीही उतरली आणि गाडी पुन्हा उघडी झाली.

१९९० च्या एप्रिलमध्ये तिचा सौदा ठरला, सुमारे एक कोटी पौंडांना. काही रक्कम रोख, काही इतर गाड्यांच्या रूपात. फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी १९८८ मध्ये वारल्यानंतर जुन्या स्पोर्ट्स कारच्या किमती कधी नव्हत्या एवढ्या चढल्या होत्या, आणि हा सौदा त्या तेजीच्या टोकावरचा. घेणारा मागे हटला. ही ती गाडीच नव्हे, असं त्याचं म्हणणं. विकणारा कोर्टात गेला.

न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे गाडीची अक्षरशः चिरफाड झाली. १९२९ च्या गाडीतलं खात्रीने सांगता येईल असं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. १९३० च्या गाडीतला पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंगचा खांब एवढंच शिल्लक होतं. चासी आणि इंजिन १९३२ च्या रूपातलं. एवढं ऐकून कुणीही म्हणेल की घेणाऱ्याचं बरोबर होतं. निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला.

त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. न्यायमूर्तींनी ‘ओरिजिनल’ आणि ‘ऑथेंटिक’ हे दोन शब्द वेगळे केले. कारखान्यातून निघाली तशी ही गाडी राहिलेली नाही, म्हणून पहिला शब्द तिला लागू नाही. पण ती कधी मोडीत निघाली नाही, कुठे संपली आणि नंतर कुणी नव्याने जन्माला घातली असंही झालं नाही. एकेक भाग बदलत गेला आणि प्रत्येक नवा भाग आधीच्या गाडीत मुरत गेला. त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटले जगात नव्हती. म्हणून ती अस्सल. विक्रीला जो माल होता, त्यात धातूबरोबर तिचा इतिहास आणि तिची कीर्तीही होती.

बिल्ला आणि पोलाद

इतका घोळ या गाड्यांच्याच वाट्याला का येतो, हे त्यांच्या घडणीत पाहावं लागतं. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ दरम्यान फक्त ३६ बनल्या. त्यांचा अॅल्युमिनियमचा पत्रा मोदेनामधल्या स्कालिएत्तीच्या कारखान्यात हातोडीने ठोकून घडवला जाई, त्यामुळे कुठल्याच दोन गाड्या तंतोतंत सारख्या नाहीत. अपघात झाला की पुढचा भाग कापून नवा जोडत. एका गाडीचं इंजिन दुसरीत जाई. शिवाय युरोपात प्रत्येक सरहद्दीवर जकातीचे कागद दाखवावे लागत. कागद एका गाडीचे तयार आणि न्यायची दुसरी, अशी वेळ आली की संघातले लोक नंबराचा बिल्ला काढून दुसऱ्या गाडीवर बसवत. त्या रात्रीची ती सोय होती. पन्नास वर्षांनी तोच बिल्ला वकिलांच्या टेबलावर येतो.

म्हणून जाणकार बिल्ल्यावर विसंबत नाही. तो चासीच्या नळीवर ठोकलेले आकडे पाहतो: त्यांचा आकार, खोली, त्या वर्षी त्या कारखान्यात वापरात असलेला ठसा. जुने आकडे घासून नवे ठोकले असतील तर तिथे आम्ल लावतात. ठोकताना आकड्याखालचा धातू दाबला गेलेला असतो आणि आम्ल त्याला वेगळ्या वेगाने खातं, त्यामुळे पुसलेले आकडे पुन्हा दिसू लागतात. मग वेल्डिंगचे जोड, कारखान्याचे बांधणीचे कागद, शर्यतीतली जुनी छायाचित्रं. एखाद्या छायाचित्रात दिसणारी वाकडी रिव्हेट आजच्या गाडीत त्याच जागी सापडली, तर ती दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलते. चासी, इंजिन आणि गिअरबॉक्स जन्मापासून एकत्र असतील तर संग्राहक त्या गाडीला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात, आणि या दोन शब्दांनी किमतीला चांगलाच उठाव येतो.

किमतीही तशाच. नवी असताना अमेरिकेत सुमारे १८ हजार डॉलरला मिळणारी जीटीओ २०१८ च्या मॉन्टेरे लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला ३७६५ नंबरच्या चासीच्या जीटीओला ५ कोटी १७ लाख डॉलर मिळाले. ही दुसरी गाडी १९६२ मध्ये कारखान्याच्या संघाकडून चार लिटरच्या इंजिनावर धावली होती. नंतर फेरारीनेच तिला तीन लिटरचं रूप देऊन विकलं. म्हणजे तीही रूप बदललेली. पण हा बदल कुणी, कुठे आणि कधी केला, ते कागदावर होतं. लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बदलाचा डाग लागला नाही.

२०२२ च्या मे महिन्यात मर्सिडीजने स्टुटगार्टमध्ये आपल्याच संग्रहातली ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे विकली, १३ कोटी ५० लाख युरोंना. तेव्हाच्या दराने हे जवळजवळ अकराशे कोटी रुपये. १९५५ मध्ये अशा दोनच गाड्या बनल्या आणि जन्मापासून ही गाडी बनवणाऱ्याच्याच घरात राहिली. तिच्या आयुष्यातला एक दिवसही हिशेबाबाहेर नव्हता.

याच्या अगदी उलट कथा फेरारीच्या ३७५ प्लसची. १९५४ ची ही शर्यतीची गाडी अमेरिकेत गेली आणि ओहायोमध्ये अर्धवट सुटी होऊन पडून राहिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती चोरीला गेली आणि बेल्जियममध्ये निघाली. तिकडे ती नव्याने उभी राहिली, इकडे मूळ मालकाकडे काही सुटे भाग उरले. गाडी एका देशात आणि हक्क दुसऱ्या देशात, अशी वर्षं गेली. २०१४ मध्ये गुडवूडच्या लिलावात ती १ कोटी ७ लाख पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली, आणि त्यानंतरही मालकीचा खटला लंडनच्या कोर्टात उभा राहिलाच. पैसे मोजून पत्रा घेता येतो. तुटलेली मालकीची साखळी सांधायला कोर्ट लागतं.

कारखानेही कधीकधी हा प्रश्न नव्याने उभा करतात. १२ फेब्रुवारी १९५७ रोजी कॉव्हेंट्रीतल्या जॅग्वारच्या कारखान्याला आग लागली. एक्सकेएसएस या मॉडेलच्या ठरलेल्या २५ गाड्यांपैकी नऊ तिथेच जळाल्या, बाकीच्या १६ बनल्या. २०१६ मध्ये जॅग्वारने त्या नऊ पुन्हा बांधायचं जाहीर केलं. कंपनी तीच, आराखडे तेच, कारागिरी उत्तम. तरीही १९५७ चं आयुष्य या गाड्यांना कुणी देऊ शकत नाही, आणि त्या ‘कंटिन्युएशन’ म्हणूनच विकल्या गेल्या, हे योग्यच झालं. नव्याला नवं म्हटलं की त्यात फसवणूक उरत नाही.

आपल्या गॅरेजमधले कागद

आपल्याकडे हा विषय लांबचा वाटेल. पण जुलै २०२१ पासून केंद्राच्या नियमात पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. पहिल्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. हा नियम शब्दशः लावला तर दोनदा ले मान्स जिंकलेली ओल्ड नंबर वन या दारातून आत येऊ शकणार नाही.

नियमामागचा हेतू मला पटतो. त्याशिवाय कुणीही भंगारातला नंबर उचलून त्याभोवती गाडी बांधेल. पण आपल्या गाड्या कशा जगल्या, हेही ध्यानात घ्यायला हवं. आयात बंद, सुटे भाग दुर्मीळ, अशा काळात आपल्या मेकॅनिकांनी लेथवर भाग कातले, एका कंपनीचा पंप दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बसवला आणि गाड्या रस्त्यावर ठेवल्या. त्या दुरुस्त्या म्हणजे त्या गाड्यांचं आयुष्यच आहे. ते पुसून, कुठून तरी चकचकीत भाग आणून ‘अगदी ओरिजिनल’ म्हणून विकायचं, यात गाडीचं नुकसान आहे आणि घेणाऱ्याचंही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना माझी मनापासून विनंती आहे. जुनं आरसी बुक नवं मिळालं म्हणून टाकू नका. आजोबांचा बॉनेटला टेकून काढलेला फोटो स्कॅन करा आणि मागे वर्ष लिहा. गॅरेजच्या पावत्या, विम्याचे कागद, पत्रं एका फाइलमध्ये लावा. काढलेला भाग भंगारवाल्याला देऊ नका. फडक्यात गुंडाळा आणि चिठ्ठी बांधा: कुठल्या साली काढला, का काढला, कुणी काढला. लंडनच्या कोर्टात एका गिअरबॉक्सच्या कवचाला आणि पेडलच्या दांड्याला साक्ष द्यावी लागली होती. उद्या तुमच्या गाडीबद्दल तोच प्रश्न कुणी विचारला, तर ती चिठ्ठी उत्तर देईल.