बिनतारी पर्जन्यमापकाचा संपर्क तुटल्यास

सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी, असा कृषि खात्याचा सल्ला आहे. महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा प्रत्येक शिवारास लागू पडेलच असे नाही. म्हणून कारंजा लाड परिसरातील शेतकरी बंधूंना घरगुती बिनतारी हवामान यंत्र उपयोगी पडते. मात्र ऐन मृगात त्याच्या दर्शकावर आकड्यांऐवजी आडव्या रेघा आल्यास पाऊस पडला नाही, असे मुळीच समजू नये. बाहेरील सेन्सरशी संपर्क तुटला, इतकाच त्याचा अर्थ होय.

प्रथम सेन्सरचे सेल पाहावेत. टोकांवरील गंज कोरड्या फडक्याने पुसून सर्व सेल एकदम नवे घालावेत. जुन्याशेजारी नवा घालण्याची काटकसर महागात पडते. तरीही आकडे न आल्यास सेन्सर दर्शकाजवळ आणावा. जवळ चालून दूर बंद पडत असेल, तर दोष अंतराचा किंवा आडोशाचा आहे. टिनाचे छप्पर रेडिओलहरी अडविते, जाड भिंत त्या क्षीण करते. अशा वेळी दर्शक खिडकीपाशी ठेवावा. जवळही न चालल्यास माहितीपुस्तिकेप्रमाणे जोडणी नव्याने करावी. सेन्सर हलविताना आतील पन्हळी कलून खोटा पाऊस नोंदला जातो, तो वगळावा.

दुरुस्ती होईपर्यंत साधा पर्जन्यमापक उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता मोजणी करावी. ज्या दिवसाची मोजणी हुकली, त्याच्या रकान्यात शून्य न लिहिता तो कोरा ठेवावा.