संगणकाची मोठी किल्ली

मंडळी, गावातल्या किराणा दुकानदाराला विचारा, "गल्ल्याची किल्ली कुणाकडे असते?" तो म्हणेल, "माझ्याकडे. दुसऱ्याकडं कशी देईन?" घराची किल्ली आपण जपतो. पेटीची किल्ली जपतो. पण आता गावात एक नवी किल्ली आली आहे. ती लोखंडाची नाही. ती कमरेला अडकवता येत नाही. तिचे नाव पासवर्ड. पासवर्ड म्हणजे गुप्त शब्द. आज आम्ही तिच्याविषयी सांगणार आहोत.

ग्रामपंचायतीत जा. तिथे टेबलावर संगणक दिसेल. जन्माची नोंद, मृत्यूची नोंद, गावाच्या पैशांचा हिशोब, हे सारे त्यावर चालते. पण या नोंदी त्या टेबलावरच्या यंत्रात नसतात, बरे का! त्या दूर एका मोठ्या संगणकात असतात. त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे हजारो गावांचे दप्तर ठेवलेला मोठा वाडा. आपल्या गावचा संगणक म्हणजे त्या वाड्याची एक खिडकी. खिडकीशी आपले नाव सांगायचे आणि गुप्त शब्द सांगायचा. मग खिडकी उघडते.

या किल्ल्या दोन प्रकारच्या असतात. लहान किल्लीने एकच खोली उघडते. तिने आपल्यापुरते काम करता येते. मोठी किल्ली असते प्रमुखाची. त्याला ॲडमिन म्हणतात. मोठ्या किल्लीने नवी नावे घालता येतात, जुनी काढता येतात, दुसऱ्याची किल्लीसुद्धा बदलता येते. म्हणून मोठी किल्ली हरवली, की सारा वाडाच गेला.

आमचीच चूक सांगतो. आम्ही मुख्याध्यापक होतो. शाळेची माहिती संगणकावर भरायची होती. आम्हांला ते जमेना. आम्ही तालुक्याच्या एका दुकानात गेलो आणि शाळेचा पासवर्ड तिथल्या मुलाला सांगितला. त्याने तो भिंतीवर लिहून ठेवला. काही महिन्यांनी पाहतो तो आमची खिडकी उघडेना! कुणीतरी पासवर्ड बदलला होता. कुणी बदलला? कळायला मार्ग नव्हता. कारण आत जो येई तो आमच्याच नावाने येई. वहीत सही आमची आणि हात दुसऱ्याचा. मुलांची नावे पुन्हा तपासता तपासता आमचे पंधरा दिवस गेले. दोष त्या मुलाचा नव्हे. किल्ली आम्हीच दिली होती.

आता मोठी गोष्ट ऐका. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचे गाव आहे. वस्ती साधारण १,५००. डिसेंबर २०२५ मध्ये उघडकीस आले, की जन्म-मृत्यूच्या सरकारी दप्तरात या ग्रामपंचायतीच्या नावाने २७,००० हून अधिक जन्म नोंदले गेले आहेत. तेही थोड्या महिन्यांत! एवढ्याशा गावात इतके पाळणे कसे हलतील? नाव गावाचे, पण नोंद करणारा हात कुणाचा? तो शोधायला सरकारला खास तपास पथक नेमावे लागले. जन्माचा दाखला म्हणजे माणसाच्या ओळखीचे मूळ. मूळच खोटे झाले, तर खऱ्या माणसाच्या दाखल्यावरही लोक शंका घेतील.

मग किल्ली जपावी कशी? पाच गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. एक माणूस, एक किल्ली. कोण केव्हा आत आला, याची नोंद सर्व्हर ठेवतो. पण तिघे जण एकाच नावाने आत गेले, तर ती नोंद वाया जाते. सर्वांची किल्ली ती कुणाचीच जबाबदारी नाही.

दुसरी. रोजच्या कामाला लहान किल्ली वापरावी. मोठी किल्ली गरजेपुरतीच काढावी.

तिसरी. पासवर्ड लांब असावा. चार आकड्यांच्या जुळण्या होतात फक्त १०,०००. संगणक त्या क्षणात तपासतो. गावाचे नाव, देवाचे नाव, १२३ हे तर चोर आधी लावून पाहतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत.

चौथी. माणूस बदलला, की किल्ली बदलावी. बदली झाली की चार्ज देतात. वह्या मोजतात, शिक्के मोजतात, कपाटाच्या किल्ल्या देतात. त्याच दिवशी पासवर्डही बदलावा. जुन्या माणसाचे नाव बंद करावे.

पाचवी. पासवर्ड कुणी मागितला, तर देऊ नये. चांगला सर्व्हर तो शब्द जसाच्या तसा ठेवत नाही. तो त्याचा ठसा ठेवतो, आणि ठशाला ठसा जुळवून पाहतो. म्हणून खऱ्या अधिकाऱ्याला तुमचा शब्द लागतच नाही. फोनवर शब्द मागणारा लबाडच समजावा. मोबाइलवर येणारा ओटीपीही सांगू नये. कुणी पैसे लुबाडलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, ही कामे ग्रामपंचायतीची. आमचा काय संबंध?" संबंध आहे. आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी घरे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सहा-सहा महिने घराला कुलूप. घराला कुलूप आपण घालतो. पण आपल्या नावाच्या नोंदीला कुलूप कोण घालतो? माघारी गावात काय लिहिले, काय खोडले, हे फडावर कसे कळणार?

म्हणून १ मेच्या ग्रामसभेला जा. तोवर कोयते घरी आलेले असतात. उभे राहून विचारा, "मोठी किल्ली कुणाकडे आहे? शेवटची केव्हा बदलली?" पासवर्ड विचारू नका. तो तुम्हांलाही कळता कामा नये. फक्त राखणदार कोण, एवढे विचारा. बायकांनीही विचारावे. ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो, त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना त्याचा राग येण्याचे कारण नाही. गाव विचारते, हे कळले म्हणजे राखणदारही जागा राहतो.