जुन्या कंट्री गाण्यांचं नवं घर

हँक विल्यम्स, पॅट्सी क्लाइन, मर्ल हॅगर्ड यांची गाणी अमेरिकेतल्या मोठ्या एफएम केंद्रांवर आता क्वचितच लागतात. जाहिरातदारांना तरुण श्रोता हवा असतो, म्हणून तिथे नव्या कंट्री गाण्यांचा भरणा असतो. पण काही शहरांत हा जुना ठेवा त्याच केंद्रांच्या ‘एचडी-२’ किंवा ‘एचडी-३’ उपवाहिनीवर ऐकायला मिळतो.

हे जमतं कसं? तिथल्या दूरसंचार आयोगाने २००२ मध्ये ‘एचडी रेडिओ’ला मान्यता दिली. यात केंद्राचं नेहमीचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण मधोमध राहतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, मध्यापासून साधारण १३० ते २०० किलोहर्ट्झवर, डिजिटल पट्टे बसवले जातात. त्यांतून सेकंदाला सुमारे १०० किलोबिट माहिती जाते. तीच सगळ्या वाहिन्यांत वाटायची असल्याने वाटेकरी वाढले की आवाजाचा दर्जा घसरतो.

मुख्य वाहिनीचा डिजिटल संदेश क्षीण झाला, तर रेडिओ आपोआप अ‍ॅनालॉगवर जातो. उपवाहिनीला हा आधार नसतो. गाडी टेकडीआड गेली की गाणं खरखरत नाही, एकदम बंदच पडतं. डिजिटल भागाची शक्ती सुरुवातीला अ‍ॅनालॉगच्या जेमतेम १ टक्का होती. २०१० मध्ये ती १० टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली. घरी ऐकताना अँटेना खिडकीपाशी किंवा उंचावर ठेवली, तर बराच फरक पडतो.

इंटरनेट नसताना, फुकटात, पिढ्यांचं संगीत हवेतून घरोघरी पोचावं, यासाठी हा चिंचोळा पट्टा जपायलाच हवा.