कंप दिसतो, बाकीचं दिसत नाही

उसाचं पान पिवळं पडतं तेव्हा हुमणीने खाली मुळं कधीच खाल्लेली असतात. पार्किन्सन या आजाराचंही तसंच. हात थरथरायला लागण्याआधी कित्येक वर्षं बद्धकोष्ठ, वास न येणं, झोपेत ओरडणं, लाथा झाडणं चालू असू शकतं.

रावेतला पवनेकाठच्या शेतांवर आता इमारती आहेत. ज्यांनी तिथे नांगर धरला, त्यांची साठी-सत्तरी उलटली. म्हातारा गप्प गप्प राहिला, की घरचे म्हणतात, "जमीन गेली, मनाला लावून घेतलंय." असेलही. पण हात कापतोय, चाल मंदावलीय आणि माणूस उदास आहे, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. या आजारात उदासी आणि धास्ती हा बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो, मनाचा दुबळेपणा नव्हे.

गोळ्यांनी ताठरपणा, कंप कमी होतो. उदासी आणि धास्ती मात्र मागे उरते. तिथे योगाचा उपयोग होतो. हाँगकाँगमध्ये १३८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी आठ आठवडे ध्यानासह योग केला, बाकीच्यांनी साधा व्यायाम. हालचाल दोन्हीकडे सारखीच सुधारली, पण धास्ती आणि उदासी योगवाल्यांची जास्त उतरली. आजार मात्र याने बरा होत नाही. तसं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका.

घरी करायचं तर भिंतीला टेकवलेली, हातांची खुर्ची घ्या. पाय जमिनीवर टेकवून सावकाश श्वास घ्या, सोडताना आणखी सावकाश. भ्रामरीचा गुंजारव पाच-सात वेळा पुरे. उठताना घाई नको. या आजारात उभं राहताच रक्तदाब उतरून चक्कर येते. कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. गोळी आणि जेवण यांत किती अंतर ठेवायचं, तेही त्यांनाच विचारा.

एकट्याने कंटाळा येतो, हे खरं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतं; ऋषिकेश पवार यांनी तर अशा रुग्णांना नाच शिकवला. आपल्याकडे देवळात हरिपाठ असतोच. या आजारात आवाज बारीक होतो, म्हणून मोठ्याने म्हणणं चांगलं. टाळ हातातून निसटला तर निसटू द्या, पण आजोबांना तिथवर धरून न्यायला घरातलं कुणीतरी हवं.