ती मशीन चालवणार कशी?

दोन वर्षांमागे आमच्या गटाकडे एका ताईंचा कर्जाचा अर्ज आला, तोही जावेच्या हाती. शिलाई मशीन घ्यायची होती. पोलिओमुळे ताईंचा उजवा पाय अधू. आम्ही लगेच म्हणालो, "पायाने मशीन मारणार कशी? हप्ते कोण फेडणार?" अर्ज बाजूला पडला. ताईंना मात्र आम्ही काही विचारलंच नाही.

जगभरच्या कामगारांसाठी नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आहे. तिने १९८३ साली दिव्यांगांचं व्यावसायिक पुनर्वसन आणि रोजगार यासाठी करार केला, क्रमांक १५९. पुनर्वसन म्हटलं की आपल्याला धरणग्रस्त आठवतात. इथे अर्थ वेगळा. माणसाला जमेल असं काम मिळावं, ते टिकावं आणि त्यात पुढे जाता यावं. तिन्ही गोष्टी हव्यात. कोपऱ्यात बसवून कागदी पिशव्या करायला दिल्या की झालं, असं नाही.

करारातलं आठवं कलम तर आपल्यासाठीच आहे: या सोयी खेड्यात आणि दूरच्या वस्त्यांवरही उभ्या कराव्यात. आणखी एक, दिव्यांगांना बरोबरीची संधी मिळावी म्हणून जादा मदत दिली तर तो इतरांवर अन्याय धरायचा नाही. (आमच्यातही "तिलाच का?" निघालंच होतं.)

भारताने हा करार स्वीकारलेला नाही. पण आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा त्याच वाटेने जातो. त्यात कामाचं प्रशिक्षण आहे, कमी व्याजाचं कर्ज आहे, अगदी आपल्या गटांसारखं छोटं कर्जसुद्धा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर गरिबी हटवण्याच्या योजनांत ५ टक्के आरक्षण, आणि त्यात बायकांना प्राधान्य. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मात्र हवं. गटातल्या कुणाचं राहिलं असेल तर आधी ते काढा.

शेवटी आम्ही ताईंच्या घरी गेलो. त्यांचं उत्तर तयारच होतं. मशीनला मोटर बसवली की डाव्या पायाने नुसतं दाबायचं! मोटरचे पैसे धरून कर्ज दिलं. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही.

दिव्यांगांसाठी काही ठरवताना त्यांच्या संघटनांना विचारा, असंही करारात आहे. आम्ही आपल्या परीने ताईंना विचारलं, अजून काही अडचण? त्या म्हणाल्या, "बैठक समाजमंदिराच्या माडीवर असते. जिना चढवत नाही, म्हणून मी येत नव्हते."

आता बैठक खाली अंगणात भरते.