वाढीव घरपट्टीतून वस्तीची सुधारणा : लाभ कोणाचा?



पावसाळ्यात नालासोपाऱ्यात गुडघाभर पाणी तुडवीत स्टेशन गाठणाऱ्या माणसाला नगरपालिकेच्या अर्थकारणाविषयी बोलावयास सवड नसते. परंतु नाला रुंद का होत नाही, गटार का बांधले जात नाही, असे विचारीत गेले की उत्तर शेवटी एकाच ठिकाणी येते : पैसा कोठून आणावयाचा? या प्रश्नाला जगात मिळालेल्या एका उत्तराची ओळख सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे. इंग्रजीत या पद्धतीला ‘टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग’ म्हणतात. आपण तिला ‘करवाढीतून वित्तपुरवठा’ म्हणू.

पद्धत कशी चालते?

समजा, एका जुन्या वस्तीतून दरवर्षी 1 कोटी रुपये घरपट्टी जमा होते. महानगरपालिका त्या वस्तीची सीमा आखते आणि ते वर्ष पायाभूत वर्ष म्हणून ठरविते. मग 4 कोटींचे कर्ज काढून रस्ता, गटार व जलवाहिनी यांची कामे करते. सुविधा आल्या की जुन्या इमारतींच्या जागी नव्या उभ्या राहतात, मिळकतींचे मूल्य वाढते आणि घरपट्टी 1 कोटी 60 लाखांवर जाते. पहिला 1 कोटी पूर्वीप्रमाणेच सर्वसाधारण तिजोरीत जातो. वरचे 60 लाख मात्र वेगळ्या खात्यात ठेवून त्यांतून कर्ज फेडले जाते. 8 टक्के व्याजाने 15 वर्षांत हे कर्ज फेडावयाचे तर वर्षाला सुमारे 47 लाख रुपये लागतात. म्हणजे हिशेब जमला. येथे कराचा दर वाढविलेला नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. वाढले ते मिळकतींचे मूल्य.

परंतु वाढ 60 लाखांऐवजी 30 लाखच झाली तर? उरलेले 17 लाख दरवर्षी साऱ्या शहराच्या तिजोरीतून भरावे लागतील. म्हणून हा पैसा फुकटचा नव्हे. ती उद्याच्या उत्पन्नावर आज घेतलेली उचल आहे.

अमेरिकेचा अनुभव

ही पद्धत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 1952 मध्ये सुरू झाली व पुढे तेथील बहुतेक राज्यांत पसरली. पण जी वाढ एरवीही झालीच असती, तीही पुनर्विकास संस्थांच्या खात्यात जाऊ लागली. तेथील शाळा मिळकतकरावर चालतात, त्यामुळे शाळांच्या वाट्याचा पैसा अडकला व त्याचा भार राज्यावर पडला. अखेर 2011 मध्ये कायदा करून कॅलिफोर्नियाने सुमारे 400 पुनर्विकास संस्था बंद केल्या. त्या 1 फेब्रुवारी 2012 रोजी विसर्जित झाल्या.

आपल्याकडील परंपरा

सुधारणेमुळे वाढलेल्या मूल्यातून सुधारणेचा खर्च काढावा, हा विचार आपल्याला नवा नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जमिनी घेतल्या, रस्ते काढले आणि भूखंड भाडेपट्ट्याने देऊन उत्पन्न मिळविले. मात्र आरंभीच्या काळात ट्रस्टने जितकी घरे पाडली तितकी गरिबांसाठी बांधली नाहीत, हेही इतिहासात नोंदलेले आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात नगररचना योजनेतील मूल्यवाढीचा हिस्सा वसूल करण्याची तरतूद आहे. 1992 मध्ये त्यात विकास शुल्काची भर पडली. केंद्र शासनाच्या 2017 च्या मूल्यवाढ-वित्त धोरणात करवाढीच्या पद्धतीचाही समावेश आहे. तरीही एका वस्तीची वाढीव घरपट्टी त्याच वस्तीसाठी बांधून ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ नाही. आपल्याकडे पुनर्विकास चालतो तो प्रामुख्याने वाढीव चटईक्षेत्राच्या बळावर.

ठरावीक उत्पन्न ठरावीक कामाला जोडून देण्याचा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1925 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात तपासला आहे. 1877 ते 1882 या काळात प्रांतांना केवळ ठोक रकमा न देता उत्पन्नाच्या काही बाबीही तोडून देण्यात आल्या होत्या. उत्पन्न वाढले तर त्याचा लाभ आपल्याला मिळेल, हे दिसले की वसुली नीट होते व खर्चही जपून होतो, हे त्यामागील तत्त्व. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ अवश्य अभ्यासावा.

वसई-विरारचे काय?

3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा व अनेक ग्रामपंचायती मिळून आपली महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांहून अधिक होती. माणसे आधी आली, गटारे मागाहून, हीच येथील खरी अडचण. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या 2024-25 मध्ये पाडण्यात आल्या. सार्वजनिक सोयीची जागाही गेली आणि गरिबांची आयुष्यभराची पुंजीही गेली. ऑगस्ट 2025 मध्ये विरारच्या विजयनगरमधील इमारत कोसळून 17 जण मृत्युमुखी पडले. तेव्हा पुनर्विकास हवा की नको, हा वादच उरलेला नाही. तो कोणाच्या हिताने व्हावा, एवढाच प्रश्न आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. अनधिकृत बांधकामावरही कर, शिवाय शास्ती आकारता येते. परंतु ती भरल्याने इमारत अधिकृत होत नाही. घर घेण्यापूर्वी बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र पाहावे.

उद्या आपल्या भागात समूह पुनर्विकासाची योजना आली, तर आपण तीन प्रश्न विचारावेत. पहिला, आजची घरपट्टी किती व पुनर्विकासानंतर ती किती होईल? दुसरा, ती वाढ कोणत्या खात्यात जाईल आणि आपल्या प्रभागातील नाला, पाणी व शाळा यांच्या वाट्याला त्यातील किती येईल? तिसरा व सर्वांत महत्त्वाचा, बैठ्या चाळीत आज भाड्याने राहणारे कुटुंब त्या नव्या वस्तीत राहू शकेल काय? रस्ता रुंद झाला, भाडे दुप्पट झाले आणि तो रस्ता ज्यांनी वर्षानुवर्षे मागितला तेच वस्ती सोडून गेले, तर सुधारणा जमिनीची झाली, माणसांची नव्हे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, घरी जाऊन घरपट्टीचे देयक हाती घ्या. त्यातील सर्वसाधारण कर, वृक्ष कर, राज्य शासनाकडे जाणारा शिक्षण कर अशा बाबी वेगवेगळ्या लिहून काढा. दोन-तीन वर्षांची देयके शेजारी ठेवून पाहा. महानगरपालिकेचा अर्थसंकल्प मिळवून आपल्या प्रभागाच्या कामांवरील तरतूद शोधा. शेजारच्या ज्या आजीला देयक वाचता येत नाही, तिला ते समजावून सांगा. आपला पैसा कोठे जातो हे जी वस्ती जाणते, तिला डावलून तिच्या सुधारणेचा निर्णय घेणे सोपे राहत नाही.